रीफ टाकीत परजीवींची साथ: आधी काय करायचं, नंतर काय

रीफ टाकीत, म्हणजे कोरल ठेवलेल्या खाऱ्या पाण्याच्या टाकीत, इक हा पांढऱ्या ठिपक्यांचा आजार झालेल्या माशाच्या अंगावरचे ठिपके चार-पाच दिवसांत आपोआप गळून पडतात. नेमके तेव्हाच लोक निर्धास्त होतात. कुणाला वाटतं लसणाचं खाद्य लागू पडलं, कुणाला वाटतं दुकानदाराने कोरलला न बाधणारी म्हणून दिलेली ‘रीफ सेफ’ बाटली लागू पडली. आठ-दहा दिवसांनी तेच ठिपके कितीतरी पटींनी परततात आणि रात्री-अपरात्री फोन येतो, “दादा, टँग मासा आडवा पडलाय, काय टाकू?” संभाजीनगर असो, लातूर असो की नांदेड, गडबड औषधात कमी आणि क्रमात जास्त होते.

क्रम कळायला परजीवीचं आयुष्य थोडं माहीत हवं. इक म्हणजे क्रिप्टोकॅरिऑन इरिटन्स. तो माशाच्या कातडीत ३ ते ७ दिवस पोसतो, मग सुटतो, खडकाला, वाळूला किंवा काचेला चिकटतो आणि स्वतःभोवती कवच करतो. एका कवचातून शेकडो पिल्लं बाहेर पडू शकतात, बहुधा ३ ते २८ दिवसांत. क्वचित ७२ दिवस लागल्याचीही नोंद आहे. बाहेर पडलेल्या पिल्लाला एक-दोन दिवसांत मासा मिळाला नाही तर ते मरतं. कॉपर (तांब्याचं औषध) मारतं ते फक्त या पोहणाऱ्या पिल्लांना. कातडीतला परजीवी सुरक्षित असतो, कवचातलाही.

म्हणून उपाय दोन ठिकाणी एकाच वेळी चालतो. सगळे मासे बाहेर काढून वेगळ्या टाकीत औषध द्यायचं, आणि मेन टँक माशांविना ठेवून परजीवीला उपाशी मारायचं. मेन टँकमध्ये कॉपर टाकलं तर कोरल, कोळंबी, गोगलगायी जातात, शिवाय लाईव्ह रॉक (जिवाणू वसलेले खडक) आणि वाळू कॉपर शोषून घेतात आणि ती टाकी पुढे बिनकण्याच्या जीवांसाठी भरवशाची राहत नाही.

## १. कोणता परजीवी आहे ते ठरवा

रात्री दिवे बंद करून मोबाईलचा टॉर्च बाजूने मारा. समोरून मारला तर अंगाच्या चमकेत काही दिसत नाही. मोबाईलवर स्लो मोशन व्हिडिओ काढा, त्यात कल्ल्यांची उघडझाप नीट मोजता येते.

इक: सुटे, मोजता येणारे, रव्याच्या कणाएवढे ठिपके, आधी पंखांवर. मासा खडकाला अंग घासतो, पण सुरुवातीला खातो. हातात थोडे दिवस असतात.

वेल्व्हेट (अमायलोऊडिनियम): ठिपके मोजता येत नाहीत. अंगावर चाळलेलं पीठ भुरभुरल्यासारखा थर, तोही तिरक्या उजेडातच दिसतो. पण थराची वाट बघू नका. मासा पॉवरहेडच्या (पाणी फिरवणाऱ्या पंपाच्या) झोतात तोंड करून थांबला, उजेडापासून लपू लागला, खाणं सोडलं आणि धापा टाकू लागला तर वेल्व्हेट समजून चाला. हा आधी कल्ल्यांवर बसतो, त्यामुळे अंग स्वच्छ दिसत असतानाही मासा मरतो. इथे हिशेब तासांचा असतो.

ब्रुकलिनेला: बहुधा क्लाऊनफिशला. अंगावरून पांढरट चिकट पदर सुटतो, रंग फिका पडतो, एक-दोन दिवसांत खेळ खल्लास. याच्यावर कॉपर चालत नाही.

फ्लूक (बारीक चपटे कृमी): डोळे धुरकट, पंख मिटलेले, मासा सारखा डोकं झटकतो किंवा जांभई दिल्यासारखं तोंड उघडतो. ठिपके नसतात. यावरही कॉपर कुचकामी.

युरोनेमा: क्रोमिस माशाच्या कुशीवर लाल चट्टा. बहुतेक वेळा तो मासा वाचत नाही. बाकीच्यांपासून लगेच वेगळा करा.

फुलकोबीच्या तुऱ्यासारखी पांढरी गाठ पंखावर आठवडेच्या आठवडे जागची हलत नसेल तर ती लिम्फोसिस्टिस, विषाणूची. तिला औषध लागत नाही, ती हळूहळू स्वतःच जाते. अशा गाठीसाठी लोकांनी अख्खी टाकी उपसलेली मी बघितली आहे.

> तपासा: ठिपका २४ तासांनी त्याच जागी आहे का? फोटो काढून ताडून बघा. वाळूचा कण किंवा हवेचा बुडबुडा दुसऱ्या दिवशी तिथे नसतो.

इक की वेल्व्हेट हे ठरत नसेल तर वेल्व्हेट धरून चाला. कॉपर दोघांवर चालतं, फक्त वेग बदलतो.

## २. जाळीला हात लावण्याआधीची तयारी

तहान लागल्यावर विहीर खणायचा प्रकार इथे सगळ्यात महाग पडतो. मासा बादलीत काढला आणि मग लक्षात आलं की मीठ संपलंय, कॉपर किट मुंबईहून यायला तीन दिवस लागणार. ते तीन दिवस मासा अमोनियात बसतो.

पाणी. आपल्याकडे बोअरचं पाणी जड, टँकरचं पाणी कुठून आलं याचा पत्ता नाही, आणि नळाला पाणी आलं तर त्यात क्लोरीन. म्हणून आरओ आणि त्यापुढे डीआय (उरलेले क्षार काढणारी नळी), टीडीएस (विरघळलेले क्षार) मीटरवर शून्य. घरातल्या पिण्याच्या प्युरिफायरचं पाणी सरळ वापरू नका. त्यात टीडीएस कंट्रोलर असतो, तो चवीसाठी थोडं कच्चं पाणी परत मिसळतो, आणि बऱ्याच मशीनमध्ये मिनरल कार्ट्रिजही असते. हल्ली तर कॉपर कार्ट्रिजवाली मशीन घरोघरी आहेत. त्या पाण्याने मेन टँक भरली तर कोळंबी का मरतात याचा शोध महिनाभर लागत नाही. मेकॅनिककडून मेम्ब्रेननंतर लगेच एक टी काढून घ्या आणि पुढे डीआयची नळी जोडा. शंभर लिटर चांगल्या पाण्यामागे दोन-तीनशे लिटर रिजेक्ट निघतं. ते फरशी आणि भांड्यांना वापरा, टंचाईच्या दिवसांत घरचे वैतागणार नाहीत.

मीठ. लिटरला साधारण ३५ ते ४० ग्रॅम, ब्रँडप्रमाणे. मोजायचं मात्र रिफ्रॅक्टोमीटरने: ३५ पीपीटी (हजारात ३५ भाग), म्हणजे घनता १.०२६ च्या आसपास. रिफ्रॅक्टोमीटर ३५ पीपीटीच्या द्रावणावर लावून घ्या. नुसत्या आरओ पाण्यावर शून्य केला तर खाऱ्या बाजूला तो चुकू शकतो. पाणी आदल्या दिवशी कालवून पॉवरहेडने फिरत ठेवा.

हॉस्पिटल टँक. ८० ते १०० लिटरची साधी काचेची टाकी, नाहीतर फूड ग्रेड प्लास्टिकचा टब. वाळू नाही, खडक नाही. लपायला पीव्हीसीचे एल्बो आणि टी, बोअरच्या पाईपच्या दुकानात किलोवर मिळतात तेच. गरम पाण्याने धुऊन घ्या. स्पंज फिल्टर, एअर पंप, हीटर, झाकायला जाळी. टँग आणि रास (wrasse) हे मासे उडी मारतातच.

स्पंज. मेन टँकच्या सम्पमध्ये (खालच्या फिल्टरच्या टाकीत) एक जास्तीचा स्पंज कायम ठेवलेला असेल तर तोच उचलून हॉस्पिटल टँकमध्ये लावा, त्यात अमोनिया पचवणारे बॅक्टेरिया तयार असतात. त्यावर परजीवी असतील ही भीती इथे गैरलागू, मासे आधीच बाधित आहेत आणि औषधही तिथेच पडणार आहे. स्पंज नसेल तर बाटलीतले बॅक्टेरिया आणि रोजचं पाणी बदलणं.

कॉपर आणि ते मोजायचं साधन. कॉपर आहे पण किट नाही, तर कॉपरही नाही असंच समजा. चिलेटेड कॉपरसाठी (दुसऱ्या रसायनाला बांधलेलं, पाण्यात टिकणारं कॉपर) हॅना कंपनीचा हाय रेंज चेकर बरा, ५ पीपीएमपर्यंत (लिटरला ५ मिलिग्रॅम) दाखवतो. काचेच्या कुपीवर बोटाचा ठसा राहिला तरी आकडा हलतो. प्रत्येक वेळी सुती कापडाने पुसा.

वीज. इन्व्हर्टरवर हीटर टाकू नका, बॅटरी लवकर बसते. त्यावर फक्त एअर पंप आणि एक पॉवरहेड. शिवाय बॅटरीवर चालणारा एअर पंप जवळ असू द्या. कल्ल्यांत परजीवी असलेला मासा निरोगी माशाइतका वेळ हवेविना काढू शकत नाही.

> सावधान: कृषी सेवा केंद्रातलं मोरचूद आणून टाकू नका. तेही कॉपर सल्फेटच, पण पिकांवर फवारायच्या बोर्डो मिश्रणासाठीचं. त्यात किती अशुद्धी आहे ते पाकिटावर नसतं. वर असं साधं कॉपर माशांना लागू पडतं ०.१५ ते ०.२० पीपीएमच्या चिंचोळ्या पट्ट्यात, आणि खाऱ्या पाण्यात ते टिकत नाही, पट्कन खाली बसतं. चिमूटभर इकडेतिकडे झालं तर आजारापेक्षा औषध जालीम.

## ३. उन्हाळ्यातला टब

एप्रिल-मेमध्ये बाहेर बेचाळीस-त्रेचाळीस असताना मेन टँक चिलरवर (पाणी थंड करणाऱ्या यंत्रावर) असते, पण हॉस्पिटल टँकला दुसरा चिलर कुणी घेत नाही. गरम पाण्यात ऑक्सिजन कमी मुरतो, अमोनिया जास्त विषारी होतो, परजीवीचं चक्रही जोरात फिरतं. आपली हवा कोरडी असल्यामुळे पाण्यावर छोटा पंखा सोडला की तापमान दोन-तीन अंश सहज उतरतं. आरओ पाण्याच्या गोठवलेल्या बाटल्या आलटूनपालटून सोडल्या तर आणखी थोडं.

पण पंख्याने पाणी उडतं, आणि इथे लोक फसतात. समजा टबमध्ये ८० लिटर पाणी आहे, खारटपणा ३५, कॉपर २.४०. दिवसभरात ५ लिटर उडालं. संध्याकाळी खारटपणा ३७.३ आणि कॉपर २.५६. औषधाचा थेंबही न टाकता आकडा वर गेला. रात्री कुणी घाईत ५ लिटर खारं पाणी ओतलं की खारटपणा तसाच चढा राहतो. म्हणून टबला बाहेरून चिकटपट्टी लावून पाण्याची रेघ आखा आणि मोजमाप करायच्या आधी साधं आरओ पाणी घालून पातळी त्या रेघेवर आणा. सकाळी एकदा, रात्री एकदा.

दुसरी गोष्ट जागेची. वेल्व्हेटचे जीव उडणाऱ्या तुषारांबरोबर, हवेच्या झोतात, तीन मीटरपर्यंत जाऊ शकतात. एकाच हॉलमध्ये मेन टँक, हॉस्पिटल टँक आणि मधोमध कूलर ही मांडणी नको. टब दुसऱ्या खोलीत हलवा.

## ४. सगळे मासे काढा, सगळे म्हणजे सगळे

“तो डॅमसेल एकदम ठणठणीत आहे, राहू द्या ना त्याला.” नाही. एक मासा राहिला तरी परजीवीला घर मिळतं आणि पुढचे सगळे दिवस वाया जातात.

दिवसा जाळी घेऊन पाठलाग केला तर मासा दमतो आणि खडकही ढासळतो. पाणी स्वच्छ बादल्यांत उपसून निम्म्यावर आणा, खडक त्याच बादल्यांत ठेवा, मग मासे दोन जाळ्यांनी कोपऱ्यात घ्या. कोरल पाण्याबाहेर फार वेळ ठेवू नका. काही रास वाळूत झोपतात, त्यांना दिवे बंद झाल्यावर तासाभराने शोधा. मँडरिन बहुतेकदा धडधाकट दिसतो, त्याच्या चिकट थरामुळे, पण वाहक असू शकतो. त्यालाही बाहेर काढा आणि जिवंत कोपेपॉडची (बारीक कवचधारी जीवांची) सोय आधीच करा, तो सुकं खाद्य क्वचितच धरतो.

> तपासा: मासे किती होते याची यादी कागदावर आहे का? डोक्यात ठेवलेल्या यादीतून गोबी हमखास निसटतो.

## ५. गोड्या पाण्यात पाच मिनिटं

वेल्व्हेट, फ्लूक आणि ब्रुकलिनेलामध्ये हॉस्पिटल टँकला जाण्याआधी ही बुडी उपयोगी. आजार बरा होत नाही, पण कल्ल्यांवरचा भार उतरतो आणि माशाला श्वास मिळतो. इकला फारसा फरक पडत नाही, तो कातडीच्या आत असतो.

आरओ पाणी काळ्या रंगाच्या बादलीत घ्या, तापमान टाकीएवढं करा, पाच लिटरला अर्धा चमचा खायचा सोडा घाला म्हणजे पीएच समुद्राच्या पाण्याजवळ येतो, आणि अर्धा तास हवा सोडा. मग मासा आत, घड्याळ लावून पाच मिनिटं. काही मासे आडवे पडतात, घाबरू नका. पण कल्ले चालायचे थांबले तर लगेच उचला. फ्लूक असतील तर ते पांढरे होऊन तिळाएवढ्या चकत्यांसारखे तळाला पडतात. काळी बादली त्यासाठीच. निदानाची याहून स्वस्त पद्धत नाही.

## ६. कॉपर: चढवायचं कसं, धरून ठेवायचं कसं

सगळ्यात जास्त मासे या टप्प्यावर जातात. एक मोठी चूक म्हणजे एका औषधाचा आकडा दुसऱ्याला लावणं. कॉपर पॉवरसारख्या चिलेटेड कॉपरचा उपचाराचा पट्टा २.२५ ते २.५० पीपीएम, आणि क्युप्रामिनचा ०.५ पीपीएम. दोन्ही ‘कॉपर’च, पण कुणाच्या तरी सल्ल्यावरून क्युप्रामिन २.५ वर नेलं तर सकाळपर्यंत टब रिकामा. बाटली कोणती आहे ते आधी वाचा, किट त्याच प्रकारचं कॉपर मोजतं का ते बघा.

चिलेटेड कॉपर इकसाठी असं चढवा: पहिल्या दिवशी १.५, दुसऱ्या दिवशी २.०, तिसऱ्या दिवशी २.२५ च्या वर. वेल्व्हेटमध्ये इतकी सवड नाही, १.५ ने सुरुवात करून २४ तासांत पूर्ण मात्रेवर जा. प्रत्येक डोस एअर स्टोनजवळ, वाटीत टबचंच पाणी घेऊन पातळ करून, आणि पुढचं मोजमाप निदान तासाभराने, पाणी नीट मिसळल्यावर.

दिवस मोजायचे ते पूर्ण मात्रा गाठल्या दिवसापासून. एकदा जरी आकडा २.२५ च्या खाली गेला तरी दिवस परत एकपासून. इथे डोळ्यात तेल घालून राहावं लागतं.

अमोनिया वाढला की पाणी बदलावं लागतं, आणि तिथे हमखास चूक होते. ८० लिटरमधून २० लिटर काढलं म्हणजे एक चतुर्थांश कॉपर गेलं: २.४ च्या हिशेबाने ४८ मिलिग्रॅम. नुसतं खारं पाणी घातलं तर टब एकदम १.८ वर येतो. म्हणून नवं २० लिटर बादलीतच २.४ पर्यंत औषध घालून, मोजून, मगच टबमध्ये ओता.

अमोनिया ०.५ पीपीएमच्या खाली ठेवा. रोज दोन वेळा चिमूटभर खाद्य, उरलेलं पाच मिनिटांत ओढून बाहेर. उपाशी ठेवायची गरज नाही, पण ताट वाढायचीही नाही.

> सावधान: कॉपर चालू असताना क्लोरीन काढणारं किंवा अमोनिया ‘बांधणारं’ द्रव घालू नका. त्यातली बरीच रसायनं कॉपरचं रूप बदलून ते माशांना अचानक विषारी करतात. कार्बन, फॉस्फेट रिमूव्हर आणि यूव्ही या काळात बंद.

आता दोन वाटा. पूर्ण मात्रेत १४ दिवस ठेवून मासे स्वच्छ, कोरड्या केलेल्या दुसऱ्या टाकीत हलवले तर कवचं मागे राहतात. नाहीतर त्याच टाकीत पूर्ण ३० दिवस. जागा आणि मीठ असेल तर पहिली वाट माशाला हलकी जाते. शार्क आणि रे यांना कॉपर बिलकूल नाही. सेंट्रोपायगी अँजल आणि काही रास कॉपरला नाजूक असतात, त्यांची मात्रा सावकाश चढवा आणि खाणं सोडतात का ते बघा.

क्लोरोक्विनबद्दल विचारणा होते. गोळ्या डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळतात, पण पाण्यात किती उरलंय हे घरी मोजता येत नाही. जे मोजता येत नाही त्यावर मी मासा पणाला लावत नाही.

## ७. कॉपर किट हाती नाही आणि आजार इक आहे

तेव्हा टँक ट्रान्सफर. औषध लागत नाही, लागतात दोन टब, मीठ आणि शिस्त. तत्त्व सोपं: मासा दर ७२ तासांच्या आत नव्या, कोरड्या, स्वच्छ टबात गेला तर मागे गळलेल्या कवचांतून पिल्लं निघायच्या आत तो तिथून गेलेला असतो.

पहिल्या दिवशी पहिला टब. मग चौथ्या, सातव्या, दहाव्या आणि तेराव्या दिवशी बदल. मासा जाळीने किंवा चाळणीने उचला, जुनं पाणी शक्य तितकं कमी आलं पाहिजे. ७२ तास ही वरची मर्यादा आहे. पहिल्या दिवशी सकाळी नऊला बदलला असेल तर चौथ्या दिवशी नऊच्या आधीच हलवा, ऑफिसातून आल्यावर नाही. रिकामा झालेला टब, पाईप, एअर स्टोन गोड्या पाण्याने धुऊन गच्चीवर उन्हात खडखडीत वाळवा. मराठवाड्याचं ऊन या एका कामाला मनापासून उपयोगी. पावसाळ्यात मात्र ‘वाळलं असेल’ यावर जाऊ नका, नळीच्या आत ओल राहते. तेव्हा एअर स्टोन आणि नळी दर वेळी नवी घ्या.

६० लिटरच्या टबाला एका वेळी सव्वादोन किलोच्या आसपास मीठ, पाच वेळा म्हणजे अकरा-बारा किलो. ते घरात असल्याशिवाय पहिला मासा हलवू नका.

वेल्व्हेटवर ही पद्धत भरवशाची नाही. ब्रुकलिनेलावर तर नाहीच.

## ८. ज्यांना कॉपर लागत नाही ते

फ्लूक: प्राझिक्वांटेल, २.५ मिलिग्रॅम प्रति लिटर. आपल्याकडे ६०० मिलिग्रॅमची गोळी मिळते, म्हणजे एक गोळी २४० लिटरला, ८० लिटरच्या टबाला एक तृतीयांश. पाण्यात सहज विरघळत नाही. अगदी बारीक कुटून, टबचं पाणी घालून खूप ढवळून सोडा. पाच ते सात दिवसांनी दुसरा डोस हवाच, कारण पहिल्या डोसने अंडी मरत नाहीत. हवा जोरात सोडा, या औषधानंतर पाणी कधीकधी दुधाळ होतं आणि ऑक्सिजन घसरतो.

ब्रुकलिनेला: फॉर्मॅलिनची बुडी. ३७ टक्के फॉर्मॅलिन, ६ लिटर खाऱ्या पाण्याला १ मिलि, जोरदार हवा, ३० ते ४५ मिनिटं, नजर न हटवता. मग मासा स्वच्छ टाकीत, जुन्यात नाही. बाटलीच्या तळाशी पांढरा गाळ बसला असेल तर ती फेकून द्या, तो जास्त विषारी. फॉर्मॅलिनने कॅन्सर होतो हे माहीत असलेलं सत्य आहे: हातमोजे, चष्मा, उघडी गच्ची, आणि लहान मुलं घरात खाली. हे जमणार नसेल तर रोज गोड्या पाण्याची बुडी, स्वच्छ टाकी आणि मेट्रोनिडाझोल एवढ्यावर भागवा. निकाल कमजोर, पण तुमच्या फुप्फुसांचा सौदा नाही.

## ९. मेन टँक माशांविना

शेवटचा मासा निघाला त्या दिवशी भिंतीवरच्या कॅलेंडरवर गोल करा. तापमान २७ अंशावर काटेकोर राहत असेल तर बरेच जण ४५ दिवसांवर थांबतात. मी ७६ सांगतो. कारण आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीच्या रात्री पारा दहा-बारावर उतरतो, त्यातच वीज जाते, हीटर बंद पडतो, आणि थंडीत कवचं लांबण लावतात.

या दिवसांत टाकी उपाशी मारू नका. मासे नसले की नायट्रेट आणि फॉस्फेट शून्यावर जातात, कोरल फिके पडतात, आणि खडकावर बुडबुडे अडकलेली तपकिरी शेंबडी जाळी, म्हणजे डायनो, चढते. परजीवीची भीती घालवताना हे दुसरं दुखणं लोक स्वतः ओढवून घेतात. आठवड्यातून दोन-तीनदा कोरलना खाद्य द्या, कोळंबीसाठी चिमूटभर टाका, स्किमर (फेसाबरोबर घाण काढणारं यंत्र) थोडा कमी चालवा. दोन्ही आकडे आठवड्यातून एकदा तपासा.

हॉस्पिटल टँकची जाळी, बादली, सायफन मेन टँकला लावायचा नाही. दोन रंगांच्या बादल्या ठेवा, घरातल्या सगळ्यांना सांगा. रोजचं काम आधी मेन टँकचं, मग हॉस्पिटलचं, मग कोपरापर्यंत हात धुणं.

> सावधान: या काळात नवीन कोरल, खडक, गोगलगाय काहीही आत नको. कोरलला इक होत नाही, पण तो ज्यावर चिकटवलेला असतो त्या प्लगवर कवच चिकटून येऊ शकतं. आलं की दिवस पुन्हा शून्यापासून.

## १०. परत सोडणं

कॉपर संपल्यावर कार्बन लावून ते काढून टाका आणि मासे दोन आठवडे कुठल्याही औषधाविना बघा. या काळात ठिपका, धाप, घासणं काही दिसलं तर निदान चुकलं होतं; पहिल्या टप्प्यावर या. काही नाही दिसलं तरी मेन टँकचे दिवस पुरे होईपर्यंत ते तिथेच राहतील.

सोडताना मासा जाळीने उचलून सोडा, हॉस्पिटलचं पाणी मेन टँकमध्ये थेंबभरही नको. हॉस्पिटल टँकचा खारटपणा कमी ठेवला असेल तर आधी तिथेच रोज थोडा थोडा वाढवून मेन टँकएवढा करा. खाली उतरवताना मासा सोसतो, वर चढवताना घाई सोसत नाही. एकाच संध्याकाळी सगळे सोडा, दिवे मंद करून. आधी एकटा टँग सोडला आणि आठवड्याने दुसरा, तर पहिला त्याला जगू देत नाही.

## ११. मुंबईहून नवीन मासा आला तर

रात्रीच्या ट्रॅव्हल्सने थर्माकोलचा खोका येतो, सकाळी पिशवीतल्या पाण्यात अमोनिया साचलेला आणि पीएच उतरलेला. पिशवी उघडली की कार्बन डायऑक्साईड उडून पीएच चढतो आणि तोच अमोनिया विषारी होतो. म्हणून माशाला नव्या पाण्याची सवय व्हावी म्हणून तासभर ठिबक लावत बसू नका. बंद पिशवी पंधरा मिनिटं तरंगवा, उघडून लगेच खारटपणा मोजा आणि आधीच भरून ठेवलेला क्वारंटाईन टब तेवढाच करा. व्यापाऱ्यांकडे खारटपणा बऱ्याचदा कमी असतो, त्यामुळे टबात थोडं आरओ पाणी घालणं एवढंच काम पडतं. मासा जाळीने टबात, पिशवीतलं पाणी मोरीत.

पहिले एक-दोन दिवस फक्त खातो का ते बघा, मग कॉपर वरच्याच पद्धतीने, आणि त्यानंतर प्राझिक्वांटेलचे दोन डोस. धापा टाकत आला असेल तर थांबायचं कारण नाही, त्याच दिवशी कॉपर सुरू करा.

उपचार झालेलं कॉपरचं पाणी शेतात, विहिरीजवळ किंवा जनावरांच्या हौदाच्या आसपास ओतू नका, मेंढ्यांना कॉपर फार बाधतं. आधी दोन दिवस कार्बन फिरवा, मग ड्रेनेजमध्ये. आणि त्या टबावर जाड मार्करने ‘कॉपर’ लिहून ठेवा, म्हणजे पुढच्या वर्षी कुणी त्यात कोळंबी सोडणार नाही.